प्रकल्प नोंदी: गुणी पण जोखमीचा खेळाडू ड्राफ्टमध्ये कितव्या क्रमांकावर परवडतो

७ जुलै २०२५

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टसाठी, म्हणजे क्लब ठरलेल्या क्रमाने, फेरीफेरीने विद्यापीठांतले खेळाडू निवडतात त्यासाठी, निर्णय-तक्ता बांधायचा आहे. आधी प्रश्न पक्का केला. ‘हा खेळाडू घ्यावा का?’ असं विचारलं की बैठकीत दोन तट पडतात आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. म्हणून प्रश्न असा ठेवला: ‘कितव्या क्रमांकापासून पुढे हा खेळाडू परवडतो?’ उत्तर हो-नाहीत येत नाही, क्रमांकात येतं. ज्याला कुठल्याच क्रमांकावर घ्यायचं नाही त्याच्यासाठी वेगळी चाळणी असेल.

प्रकरणं निवडण्याची अट: धोका ड्राफ्टच्या आधी जगजाहीर झालेला असला पाहिजे. पुढे काय झालं हे बघून निवड करायची नाही. तसं केलं तर यादीत पुढे यशस्वी ठरलेले वॉरन सॅप (१९९५, क्रमांक १२), रँडी मॉस (१९९८, क्रमांक २१) आणि टायरन मॅथ्यू (२०१३, क्रमांक ६९) एवढेच उरतात आणि तक्ता प्रत्येक वेळी ‘घ्या’ म्हणतो. जस्टिन ब्लॅकमन, रँडी ग्रेगरी, जॉनी मँझिएल यांनाही तितकीच जागा द्यायची.

रकाने: नुसत्या फिल्मवरून (सामन्यांच्या चित्रफितींवरून) ठरलेला दर्जा, प्रत्यक्ष मोजलेली किंमत, धोक्याचा प्रकार, खेळाडू क्लबच्या ताब्यात राहील ती वर्षं, त्याच जागेवर उपलब्ध असलेला दुसरा पर्याय, दुसऱ्या कराराची (नवखेपणाच्या करारानंतरच्या) स्थिती.

९ जुलै

किंमतीचा रकाना. मोजपट्टी म्हणून डलासचा तेव्हाचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याचा जुना गुणांचा तक्ता घेतला: क्रमांक १ ला ३०००, २ ला २६००, ५ ला १७००, ९ ला १३५०, १० ला १३००, २१ ला ८००, ३४ ला ५६०, ६९ ला २४५, १०० ला १००. हा तक्ता नव्वदच्या दशकातल्या डलासचा. वरच्या क्रमांकांना तो अवाजवी भाव देतो, हे आता सर्वमान्य आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी दाखवून दिलं की एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी घेतलेला खेळाडू सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. फिट्झगेराल्ड आणि स्पीलबर्गर या विश्लेषकांचा नवा तक्ता खेळाडूंच्या दुसऱ्या करारांवरून बांधलेला आहे आणि त्याचा उतार बराच सौम्य आहे.

तरी जॉन्सनचा तक्ता ठेवला, कारण क्लब एकमेकांशी क्रमांकांची अदलाबदल करताना आजही याच्या आसपासचे आकडे डोक्यात धरतात. बाजारभाव बघायला जुना तक्ता, खरी किंमत बघायला नवा. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे, त्यांची सरासरी काढायची नाही.

पगाराचं वेगळं. २०११ च्या कामगार कराराने नवख्यांचे पगार क्रमांकाला बांधले. त्याआधी २००७ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या जमार्कस रसेलला सुमारे ३.२ कोटी डॉलर हमीचे (काढून टाकलं तरी द्यावे लागणारे) मिळाले आणि तीन हंगामांत तो क्लबबाहेर. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २.२ कोटी. म्हणजे २०११ आधीचा फसलेला पहिला क्रमांक आणि नंतरचा फसलेला पहिला क्रमांक यांची तुलना होऊच शकत नाही. रायन लीफ (१९९८, क्रमांक २) प्रत्येक चर्चेत येतो, पण पैशाच्या हिशोबात तो आपल्या कामाचा नाही. त्याची ओळ फक्त ‘वर चढण्यासाठी (दुसऱ्या क्लबकडून आधीचा क्रमांक घ्यायला) काय दिलं’ या रकान्यासाठी.

आयपीएलच्या लिलावात धोका बोलीतून उतरतो: ज्याच्या गुडघ्यावर शंका, त्याची बोली कमी. ड्राफ्टमध्ये बोलीच नाही. क्रमांक ठरला की पगार जवळपास ठरला. त्यामुळे धोक्याची सवलत मिळवायचा एकच मार्ग, वाट बघणे. आणि वाट बघताना दुसरा क्लब उचलू शकतो.

१४ जुलै

धोक्याचे प्रकार वेगळे केले. क्लबांच्या बोर्डावर (खेळाडूंच्या पसंतीक्रमाच्या फळ्यावर) बहुतेक ठिकाणी सगळ्याला एकच लाल ठिपका लागतो. घोळ तिथेच होतो. फाटलेलं अस्थिबंधन आणि सरावाला उशिरा येण्याची सवय यांना एकाच गुणांकाने भागायचं नसतं.

(क) भरून येणारी दुखापत. तारीख सांगता येते. एसीएल (गुडघ्यातलं एक अस्थिबंधन), हाड मोडणं.

(ख) झिजणारी दुखापत. गुडघ्यातली कूर्चा हे नेहमीचं उदाहरण. आज खेळेल, चौथ्या वर्षी सांगता येत नाही. माइल्स जॅक (२०१६, क्रमांक ३६) असाच घसरला. पहिल्या हंगामात तो सर्व १६ सामने खेळला आणि पुढे २०२१ पर्यंत जॅक्सनव्हिलकडेच राहिला.

(ग) उपलब्धतेचा धोका. गुणवत्तेवर शंका नाही, मैदानावर दिसेल का यावर आहे. जॉश गॉर्डन हे शुद्ध उदाहरण: क्लीव्हलंडने २०१२ च्या पुरवणी (मुख्य ड्राफ्टनंतरच्या) ड्राफ्टमध्ये त्याच्यासाठी पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा क्रमांक दिला, २०१३ मध्ये १४ सामन्यांत चेंडू झेलून १६४६ यार्ड करून तो लीगमध्ये पहिला आला आणि मग निलंबनांची रांग. हा धोका नियमांबरोबर बदलतो. २०२० च्या करारात गांजाच्या चाचणीची मर्यादा ३५ वरून १५० नॅनोग्रॅमवर नेली आणि केवळ चाचणीत सापडल्याबद्दलची निलंबनं थांबवली. रँडी ग्रेगरी (२०१५, क्रमांक ६०) आजच्या नियमांत असता तर त्याच्या ओळीतला आकडा वेगळा असता. म्हणून या प्रकारात ‘कोणत्या वर्षीचे नियम’ हा उपरकाना सक्तीचा.

(घ) मेहनतीचा, शिस्तीचा धोका. सर्वांत अवघड, कारण पुरावा नेहमी ऐकीव.

(च) हिंसा. याला गुण नाहीत, सुरुवातीला म्हटलेली चाळणी.

१५ जुलै

(च) बद्दल निर्णय लिहून ठेवला. लॉरेन्स फिलिप्स (१९९६, क्रमांक ६) नेब्रास्कात महिलेवरच्या हल्ल्याच्या प्रकरणानंतर ड्राफ्टमध्ये आला. त्याला घेतलं त्याच दिवशी रॅम्स क्लबने त्याच जागेवर खेळणाऱ्या जेरोम बेटिसला पिट्सबर्गला देऊन टाकलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये फिलिप्सला काढलं. बेटिस १३,६६२ यार्ड करून हॉल ऑफ फेममध्ये गेला. उलट टायरीक हिल (२०१६, क्रमांक १६५) घरगुती हिंसेचा गुन्हा कबूल करून आला आणि कॅन्सस सिटीला अफाट फायदा झाला. हिलमुळे चाळणी चुकीची ठरते का? नाही. चाळणी खेळाचा अंदाज करायला नाहीच. ती क्लबने काय करायचं नाही हे सांगते आणि तो निर्णय मालकाने ड्राफ्टच्या महिनाभर आधी लेखी द्यायचा. घड्याळ चालू असताना नाही.

२१ जुलै

गेल्या आठवड्यात न्यू ऑर्लीन्सने टायलर शकशी (Shough; २०२५, क्रमांक ४०) करार केला: चार वर्षं, सुमारे १.०८ कोटी डॉलर, सगळे हमीचे. सुरुवात मे महिन्यात झाली, ह्यूस्टनने ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमी दिली तेव्हा. दुसऱ्या फेरीत हे पूर्वी नव्हतं.

आपल्या तक्त्याला याचा थेट फटका. जोखमीच्या खेळाडूसाठी दुसरी फेरी ही सोयीची जागा मानली जायची, कारण पहिल्या फेरीची गुणवत्ता मिळते आणि हमी अर्धवट असते: तिसऱ्या-चौथ्या वर्षी काढलं तरी फारसं अडकत नाही. ती सोय आता फेरीच्या वरच्या टोकाला संपत आली. ३३ ते ४० या क्रमांकांसाठी ‘बाहेर पडण्याचा खर्च’ पहिल्या फेरीसारखाच धरायचा. यंदा गुडघ्याच्या शंकेने ४७ पर्यंत घसरलेला मिशिगनचा विल जॉन्सन या बदलत्या पट्ट्याच्या जरा खाली येतो. अशांसाठी हमीची टक्केवारी हाताने भरायची, सूत्राने नाही.

आचरणाच्या धोक्यावर एक कुंपण अजून आहे. निलंबन झालं की पुढची हमी रद्द, अशी कलमं नवख्यांच्या करारात घालता येतात. गुडघ्यावर असं कलम चालत नाही. त्यामुळे पैशाच्या बाजूने (ग) हा (ख) पेक्षा स्वस्त धोका आहे. बोर्डावर मात्र नेमकं उलटं दिसतं. वर्तमानपत्रात बातमी आलेला खेळाडू जास्त घाबरवतो.

२४ जुलै

जेलन स्मिथची ओळ पूर्ण केली. प्रत्येक पायरी नोंदवतो, कारण बाकीच्या ओळी याच साच्यात जातील.

१ जानेवारी २०१६, फिएस्टा बोल हा विद्यापीठांचा सामना, त्याचं नोत्र दाम विरुद्ध ओहायो स्टेट. डाव्या गुडघ्यातली एसीएल आणि एलसीएल दोन्ही गेली आणि बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पेरोनिअल मज्जातंतूला ताण बसला. परिणाम: पाऊल वर उचलता येत नाही. अस्थिबंधनं प्रकार (क). मज्जातंतू कशातच बसत नाही.

मज्जातंतूचा हिशोब असा. तुटलेला नसेल, ताणलेला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने परत वाढतो. महिन्याला साधारण एक इंच. गुडघ्याच्या बाजूपासून नडगीच्या पुढच्या स्नायूपर्यंतचं अंतर बघता उत्तर आठवड्यांत नाही, महिन्यांत येणार. एप्रिलच्या ड्राफ्टपर्यंत ते येऊच शकत नव्हतं. कंबाइनच्या (ड्राफ्टआधी सगळ्या क्लबांसमोर होणाऱ्या चाचण्यांच्या) तपासणीत पाऊल उचललं गेलं नाही याचा अर्थ ‘कधीच उचलणार नाही’ असा होत नव्हता, पण ‘उचलेल’ असं म्हणायलाही आधार नव्हता. बहुतेक क्लबांकडे फक्त ही तपासणी होती. डलासकडे एक गोष्ट जास्त होती: त्यांच्याच संघाचे डॉक्टर डॅन कूपर यांनी स्मिथची शस्त्रक्रिया केली होती. मज्जातंतू सलग आहे की नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. ३४ व्या क्रमांकावर डलासने घेतला. हे धाडस म्हणून सांगितलं जातं. माझ्या मते हा माहितीतला फरक होता.

आता आकडे.

फिल्मवरचा दर्जा: पहिल्या पाचात. ५ वा क्रमांक धरला, १७०० गुण. किंमत: ५६० गुण. ५६० ÷ १७०० = ३३ टक्के. याला तक्त्यात ‘किमान हिस्सा’ म्हटलंय. ही यशाची शक्यता नव्हे. ५ व्या क्रमांकाच्या धडधाकट खेळाडूंतही फसणारे असतात आणि ते १७०० मध्ये आधीच धरलेले आहेत. किमान हिस्सा म्हणजे तशा धडधाकट खेळाडूच्या अपेक्षित किंमतीतला किती भाग या खेळाडूत शिल्लक असला तर सौदा तोट्यात जात नाही.

३३ टक्के हा आकडा फसवा आहे. ५ व्या क्रमांकाचा खेळाडू चार वर्षं आणि शिवाय क्लबच्या मर्जीचं पाचवं वर्ष देतो. पाचव्या वर्षाचा पगार मोठा असतो, म्हणून ते अर्धं धरू: एकूण ४.५ वर्षं. दुसऱ्या फेरीत पाचव्या वर्षाचा पर्याय नाही आणि २०१६ चा हंगाम बसूनच जाणार हे ठाऊक होतं. उरली ३ वर्षं. १७०० × ३ ÷ ४.५ = ११३३. ५६० ÷ ११३३ = ४९ टक्के.

म्हणजे ‘एक तृतीयांश भावात’ वाटणारा खेळाडू प्रत्यक्षात निम्म्या भावात पडला. घसरलेल्या जखमी खेळाडूंबद्दल जो उत्साह असतो तो बहुतेक वेळा या पायरीवर अर्धा होतो.

२९ जुलै

वरच्या सूत्राला नियमाची जोड. बिगर-फुटबॉल दुखापतीच्या (लीगच्या खेळाबाहेर झालेल्या दुखापतीच्या) यादीत पूर्ण हंगाम गेला तर तो ‘जमा हंगाम’ धरला जात नाही. चार जमा हंगाम झाल्याशिवाय खेळाडू हव्या त्या क्लबकडे जायला पूर्ण मोकळा होत नाही. तीन असतील तर तो मर्यादित मोकळा, म्हणजे क्लब ठरावीक रक्कम देऊन त्याला आणखी एक वर्ष धरून ठेवू शकतो. स्मिथ २०१६ मध्ये याच यादीत होता. त्यामुळे २०१९ नंतर डलासच्या हातात अर्धं वर्ष जास्त धरता येतं: ३.५ ÷ ४.५. १७०० चे १३२२. किमान हिस्सा ४२ टक्के.

४२ हा तक्त्यातला अंतिम आकडा. हा नियम सूत्रात हवाच, नाहीतर पहिला हंगाम बुडणाऱ्या प्रत्येक खेळाडूवर अन्याय होतो. सिडनी जोन्स (२०१७, क्रमांक ४३, प्रो-डेला, म्हणजे विद्यापीठातच होणाऱ्या चाचणीत, टाचेमागचा अकिलीस तुटला) मात्र पहिल्याच हंगामात एक सामना खेळला. त्याची यादी-स्थिती वेगळी तपासायची, सरसकट सूत्र लावायचं नाही.

४ ऑगस्ट

जेलन कार्टर. हीच या कामातली सर्वांत भरलेली फाइल, आणि हल्लीचा एकही जनरल मॅनेजर हिच्याशिवाय बोलत नाही.

घटनाक्रम: १५ जानेवारी २०२३ ला जॉर्जियात अथेन्स इथे मोटार अपघात, त्यात जॉर्जिया विद्यापीठाचा एक खेळाडू आणि एक कर्मचारी यांचा मृत्यू. कार्टर दुसऱ्या गाडीत. १ मार्चला, इंडियानापोलिसचं कंबाइन चालू असतानाच, बेदरकार गाडी चालवणे आणि शर्यत लावणे या आरोपांखाली वॉरंट. १५ मार्चला प्रो-डे: वजन ३२३ पाउंड, कंबाइनपेक्षा ९ पाउंड जास्त, आणि जागेचे सराव पूर्ण करता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्यायालयात त्याने आरोपांना आव्हान दिलं नाही. १२ महिने देखरेख, १००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा. त्याच्या प्रतिनिधीने पहिल्या दहाबाहेरच्या क्लबांच्या भेटी नाकारल्या.

यात दोन वेगळे धोके एकमेकांवर चढलेत आणि बहुतेकांनी त्यांची बेरीज केली. अपघाताचं प्रकरण कायद्याच्या बाजूने ड्राफ्टआधीच मिटलं होतं. तुरुंग किंवा हंगाम बुडणं यांचा धोका त्या १६ मार्चला जवळजवळ संपला. माणूस म्हणून त्या रात्रीचा विचार क्लबने करायचाच, पण तो मालकाच्या चाळणीचा भाग, गुणांचा नाही. उरला (घ): दोन आठवड्यांत ९ पाउंड. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मुलाखतीच्या आधी वजन हाताबाहेर जाणं ही बचावफळीच्या मधल्या खेळाडूसाठी खरी माहिती आहे. आणि ती मोजता येते, ऐकीव नाही. तरी त्या आठवड्यांत त्याच्या डोक्यावर काय होतं हे बघता एका वजनावर पूर्ण भार टाकू नये. मागच्या तीन हंगामांतली शिबिराच्या सुरुवातीची वजनं मागवायची. तोच कल दिसला तरच गुण कापायचे.

किंमत: फिलाडेल्फियाने १० वा क्रमांक आणि २०२४ चा चौथ्या फेरीचा क्रमांक देऊन शिकागोचा ९ वा घेतला. पुढच्या वर्षीची फेरी एक पायरी खाली धरायची रीत आहे, म्हणून सुमारे ३५ गुण. एकूण १३३५. फिल्मवर दर्जा क्रमांक २ चा, २६०० गुण. किमान हिस्सा ५१ टक्के. वर्षांचा कोणताही तोटा नाही, पहिल्या फेरीचाच क्रमांक. पगारात उलट फायदा: त्या वर्षी २ क्रमांकाच्या सी. जे. स्ट्राउडचा करार सुमारे ३.६ कोटींचा, कार्टरचा सुमारे २.१८ कोटींचा. हा १.४ कोटींचा फरक जॉन्सनच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. दुसऱ्या खेळाडूसाठी वापरता येणारे पैसे म्हणून धरला तर किमान हिस्सा पन्नासच्या खाली येतो. नेमका किती, हे क्लबच्या पगार-मर्यादेवर अवलंबून. त्यामुळे सूत्रात आकडा नाही, फक्त बाण.

पर्यायाचा आणि घराचा (क्लबमध्ये आधीपासून कोण आहे) रकाना. त्याच जागेवर खेळणारा हारग्रेव्ह मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला, म्हणजे जागा रिकामी. फ्लेचर कॉक्स आणि ब्रँडन ग्रॅहम हे जुने खांब शिल्लक. जॉर्जियाचेच जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन आदल्या वर्षी घेतलेले, त्यामुळे खेळाडूबद्दलची आतली माहिती क्लबमध्येच. आणि पहिल्या फेरीत दुसरा क्रमांकही हातात: ३० वर नोलन स्मिथ. एक फसला तरी फेरी कोरडी जात नाही.

एक सावधानता. जुने सहकारी ‘सांभाळून घेतील’ ही कल्पना क्लबांना फार आवडते. ॲरिझोनाने मॅथ्यूला घेतलं तेव्हा त्याच्याच एलएसयू विद्यापीठाचा पॅट्रिक पीटरसन तिथे होता आणि ते जमलं. पण २२ वर्षांच्या मित्राला राखणदार धरणं धोक्याचं. मित्र माहिती म्हणून उपयोगी. शिस्त प्रशिक्षकाच्या हाताखालच्या ठरलेल्या माणसाने लावायची आणि त्या माणसाचं नाव तक्त्यात हवं. नाव लिहिता येत नसेल तर रकाना शून्य.

६ ऑगस्ट

तीच फाइल, शिकागोच्या बाजूने. ते २०२२ मध्ये ३-१४. वरचा क्रमांक आधीच कॅरोलायनाला विकलेला. ९ वर कार्टर समोर असताना ते एक पायरी खाली उतरले आणि १० वर डार्नेल राइट घेतला. पहिल्याच हंगामात त्याने उजव्या टॅकलला (आक्रमणाच्या रक्षकफळीतली जागा) सर्व १७ सामने सुरू केले. बचावफळीत कार्टरला वळण लावणारा ज्येष्ठ खेळाडू त्यांच्याकडे नव्हता, आणि क्वार्टरबॅकसमोरची (चेंडू फेकणाऱ्यासमोरची) भिंत पडलेली होती. त्यांच्या तक्त्यात उत्तर ‘नको’ येतं आणि ते बरोबर आहे.

बॉल्टिमोरचंही तसंच. २०१६ मध्ये लॅरेमी टन्सिलचा नशा करतानाचा व्हिडिओ ड्राफ्टच्या काही मिनिटं आधी पसरला, ६ व्या क्रमांकावर बॉल्टिमोरने रॉनी स्टॅनली घेतला. टन्सिल १३ वर मायामीला गेला, उत्तम निघाला, २०१९ मध्ये ह्यूस्टनने त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे दोन क्रमांक दिले. पण स्टॅनली त्याच वर्षी ऑल-प्रो (वर्षातल्या सर्वोत्तमांच्या संघात). त्याच जागेवर जवळपास तितकाच चांगला पर्याय असेल तर धोका सोडून देण्याची किंमत शून्याच्या आसपास असते. ‘त्यांनी टन्सिल सोडला’ हे वाक्य पर्यायाचा रकाना न भरता लिहायचं नाही.

११ ऑगस्ट

पार्श्वभूमी तपासणीची कार्यपद्धत.

कंबाइनमधली औपचारिक मुलाखत फार थोड्या मिनिटांची असते आणि खेळाडू प्रतिनिधीकडून घोकून आलेला असतो. तिथून मिळते ती फक्त एक गोष्ट: फिल्मवर चूक दाखवल्यावर तो स्वतःच्या जबाबदारीबद्दल बोलतो की शेजारच्याच्या. बाकीचं काम विद्यापीठात. मुख्य प्रशिक्षकाला शेवटी विचारायचं, कारण त्याला पुढच्या वर्षी मुलं भरती करायची असतात आणि तो आपल्या खेळाडूला खाली ओढत नाही. आधी फिजिओ, मग साहित्य सांभाळणारा, मग अभ्यास-सल्लागार, मग व्यायाम-प्रशिक्षक. साहित्य सांभाळणाऱ्याला सगळं माहीत असतं: कोण हेल्मेट फेकतो, कोण नवख्या पोरांना कसं वागवतो. तीन वेगळ्या माणसांना एकच प्रश्न, शब्द न बदलता. दोघांचं उत्तर जुळलं तर नोंद, एकाचंच असेल तर पेन्सिलने.

फिल्म बघणाऱ्या स्काउटला ही फाइल आणि वैद्यकीय फाइल दाखवायची नाही, दर्जा बंद होईपर्यंत. हे न पाळल्याने काय होतं ते पुढे एका नोंदीत.

वैद्यकीय: इंडियानापोलिसला एप्रिलमध्ये फेरतपासणी असते, ती तारीख धरून डॉक्टरांचा दर्जा दोनदा घ्यायचा. दोन दर्जांमधला फरकच सर्वांत उपयोगी. आणि डॉक्टरला ‘घ्यावा का’ विचारायचं नाही. विचारायचं: पुढच्या चार हंगामांत प्रत्येकी किती सामने?

१४ ऑगस्ट

मँझिएल, २०१४. क्लीव्हलंडने २६ वा (७००) आणि ८३ वा (१७५) देऊन फिलाडेल्फियाचा २२ वा (७८०) घेतला. ८७५ मोजून ७८० चा माल. जादा ९५, म्हणजे शंभराच्या आसपासचा एक क्रमांक फुकट. आठ सामन्यांत सुरुवात, मार्च २०१६ मध्ये मुक्त.

तो फसला म्हणून ही ओळ महत्त्वाची नाही. धोक्याच्या खेळाडूवर सवलत मिळायला हवी, इथे वरून अधिमूल्य दिलं. नियम: खेळाडूची घसरण हेच घेण्याचं कारण असेल तर वर चढून घ्यायचा नाही. कार्टरसाठीही फिलाडेल्फिया एक पायरी चढली, पण १३५० च्या क्रमांकाला १३३५ मोजले. किमान हिस्सा ५५ च्या आत असेल आणि चढण्याचा जादा खर्च २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच अपवाद. हे दोन्ही उंबरठे आपण ठरवलेले आहेत, निसर्गनियम नव्हेत.

२० ऑगस्ट

दुहेरी कपात. काही ओळींत दर्जाच घसरलेला आढळला: स्काउटने बातम्या वाचून फिल्मचा दर्जा दहाने खाली लिहिला, मग सूत्राने धोक्यासाठी पुन्हा कापलं. असा खेळाडू कोणत्याही क्रमांकावर परवडत नाही असं दिसतं. उपाय: फिल्मचा दर्जा हंगाम संपताना बंद, नंतर त्या रकान्याला कुलूप.

मॉसच्या ओळीत हे स्पष्ट दिसतं. नोत्र दामने प्रवेश काढून घेतला, फ्लोरिडा स्टेटने बाहेर काढलं, मार्शलला जाऊन खेळला. १९९८ मध्ये त्याच्यापेक्षा वेगवान उंच रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) कुणी बघितला नव्हता; फिल्म पहिल्या पाचातली. डलासने ८ वर त्याला सोडून ग्रेग एलिस घेतला. एलिस भरवशाचा खेळाडू होता, वाईट निवड नव्हेच. पण ८०० गुणांत १७०० चा माल मिनेसोटाकडे गेला, किमान हिस्सा ४७. घरात ज्येष्ठ रिसीव्हर क्रिस कार्टर. पहिल्या हंगामात १७ टचडाउन. त्यातले तीन थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डलासमध्येच, तीन झेलांत १६३ यार्ड.

२६ ऑगस्ट

दुसऱ्या कराराचा रकाना. इतके दिवस रिकामा होता, आणि हाच सर्वांत महागडा निघाला.

ड्राफ्टमधली जोखीम क्रमांकाएवढीच असते. स्मिथवर डलासचं नुकसान झालं असतं तर ५६० गुणांचं. तो बरा झाला, पायाला आधारपट्टी लावून २०१७ मध्ये १६ सामने खेळला, २०१९ मध्ये प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा मान). आणि त्या ऑगस्टमध्ये क्लबने ६.४ कोटींची पाच वर्षांची मुदतवाढ दिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला मुक्त केलं. ड्राफ्टची निवड फायद्यात, करार तोट्यात. ॲरन हर्नांडेझ ११३ व्या क्रमांकावर, ६८ गुणांत मिळाला होता. न्यू इंग्लंडने २०१२ मध्ये मुदतवाढ देताना १.२५ कोटी सहीचे दिले. जून २०१३ मध्ये अटक, त्याच दिवशी मुक्त. ६८ गुणांचा धोका होता तोवर तो परवडत होता.

क्लब असं का करतात? पहिली तीन वर्षं चांगली गेली की फाइल बंद होते. लाल ठिपका काढला जातो, आणि नव्या कराराच्या वाटाघाटीत वैद्यकीय व पार्श्वभूमीची माणसं बोलावलीच जात नाहीत. तक्त्यात सक्ती: मुदतवाढीआधी ११ ऑगस्टची पूर्ण कार्यपद्धत पुन्हा, आणि (ख) प्रकारात नव्याने एमआरआय. मूळ फाइलमधली भीती खोटी ठरली, की अजून तिची वेळ आलेली नाही, याचं लेखी उत्तर.

५ सप्टेंबर

काल रात्री हंगामाचा पहिला सामना, फिलाडेल्फिया विरुद्ध डलास. सुरुवातीच्या किकनंतर, पहिला डाव पडण्याआधीच, कार्टर डॅक प्रेस्कॉटवर थुंकला आणि बाहेर काढला गेला. फिलाडेल्फिया २४-२० ने जिंकली.

सकाळपासून ‘बघा, सांगत होतो’ चालू आहे. कार्टरच्या ड्राफ्टच्या ओळीत काहीही बदललेलं नाही. २०२३ मध्ये ६ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणं), २०२४ मध्ये प्रो बोल आणि ऑल-प्रोचा दुसरा संघ, फेब्रुवारीत कॅन्सस सिटीवर ४०-२२ असा सुपर बोल विजय. १३३५ गुण केव्हाच वसूल झाले, आणि ही घटना (घ) मध्ये धरलेल्या वजन-मेहनतीच्या धोक्यातली नाही. ती नवी नोंद आहे: मैदानावरचा संयम.

ती दुसऱ्या कराराच्या रकान्यात गेली. नियमांनुसार हा हंगाम संपल्यावरच त्याची मुदतवाढ बोलता येते, आणि पाचव्या वर्षाचा पर्यायही पुढच्या वसंतातच वापरायचा. वापरला की तो पूर्ण हमीचा. तोवर भरायच्या गोष्टी: या हंगामातले दंड आणि बाहेर काढणं, शिबिराच्या सुरुवातीचं वजन मागच्या तीन वर्षांशी लावून, चौथ्या सत्रात मैदानावर राहण्याचं प्रमाण. कॉक्स निवृत्त झालाय, त्यामुळे घराच्या रकान्यातलं त्याचं नाव खोडलं. तिथे आता कुणाचं लिहायचं, हे संरक्षण प्रशिक्षकांकडून घ्यायचं आहे.